शनिवारचा पाऊस

एस्तेरमावशींची आणि माझी ओळख मी पावसाला घातलेल्या शिवीतून झाली. एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळी लख्ख ऊन पडलं म्हणून मी मागच्या अंगणातल्या दोरीवर चादरी वाळत घातल्या, आत जाऊन किटली लावली, तोवर बाहेर गारा सुरू. धावत बाहेर आले आणि चादरी ओढता ओढता म्हणाले, "मेला पाऊस." भिंतीपलीकडून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "पावसाला मेला म्हणू नये गं. राहू देत त्या चादरी, थांबतोय आता."

लीड्सपासून दीड तासावरच्या, यॉर्कशरच्या डोंगरात दडलेल्या त्या गावात मराठी बोलणारी मी एकटीच, अशी माझी समजूत होती. भिंतीवरून डोकावून पाहिलं तर एक ठेंगणी म्हातारी उभी. गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगात पुरुषी रेनकोट, त्याच्या बाह्या तीन वेळा दुमडलेल्या. डोक्यावर गारा पडत होत्या आणि त्याचं तिला काहीच नव्हतं. माझा चहा गाळून होईपर्यंत ऊन परत आलं होतं.

पुण्याच्या कंपनीने मला लीड्सच्या ऑफिसात पाठवलं होतं. आठवड्यातले दोनच दिवस जायचं, म्हणून मी स्वस्तातलं घर शोधत इतक्या लांब आले. जाहिरातीतल्या फोटोत घरावर छान ऊन होतं. वर्षातल्या नेमक्या कोणत्या दहा मिनिटांत तो फोटो काढला होता, हे मला घरमालकाला विचारायचं राहूनच गेलं. तिथला वसंत म्हणजे नुसता छळ. सकाळी धुकं, दहाला ऊन, अकराला बर्फाची भुरभुर, जेवणाच्या वेळी पुन्हा ऊन आणि त्या उन्हातच पाऊस. आमच्याकडे त्याला नागडा पाऊस म्हणतात आणि कोल्ह्याचं लग्न लागतं म्हणून पोरं नाचतात. तिथे रोजच कोल्ह्याचं लग्न. गावातली माणसं हवेखेरीज दुसरं काही बोलत नसत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

एस्तेरमावशी मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. "आम्ही शनिवार तेली," असं त्या अभिमानाने सांगत. पूर्वी त्यांच्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून ते नाव. लग्न होऊन त्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या. रूबेनकाका डोंगरावरच्या तलावाच्या पाणीखात्यात होते. मी गेले तेव्हा ते वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा डॅनी लंडनजवळ वॉटफर्डला. गावात मराठी कानावर पडायचा प्रश्नच नव्हता, तरी मावशींची मराठी गंजली नव्हती. कोणाशी बोलत होता इतकी वर्षं, असं मी एकदा विचारलं. "भांड्यांशी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हिरवळीच्या मधोमध जमिनीत पुरलेलं तांब्याचं एक नळकांडं होतं. वर फनेल, आत बाटली. रोज सकाळी नऊ वाजता बाटलीत साचलेला पाऊस काचेच्या मापात ओतायचा, आकडा वहीत मिलिमीटरमध्ये लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी तो तक्ता पाणीखात्याच्या कचेरीत पाठवायचा. काकांनी हे काम हौसेने सुरू केलं, त्यांच्यानंतर मावशींनी पुढे चालवलं. माप डोळ्यासमोर धरायचं. पाण्याची काचेला चढलेली कड बघायची नाही, मधलं खोलगट पोट बघायचं. माप हातात असताना बोलायचं नाही. एकदा मी घड्याळात नऊ बघून हजर झाले, तर त्यांनी मला तासभर थंडीत उभं केलं. मार्चअखेर सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती आणि मावशींचे नऊ आता दहाला वाजत. "सरकारने घड्याळ पुढे केलं, ढगांनी केलं का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून त्यांनी मला शिकवून तयार केलं. पण खरी गरज होती ती शनिवारची. शनिवारी त्या लिहीत नसत. धर्माने हातात पेन्सिल घ्यायची नाही. काका शनिवारी माप बघत, आकडा दिवसभर डोक्यात ठेवत आणि संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले, म्हणजे त्यांचा शनिवार संपला, की मग लिहीत. मावशींच्या डोक्यात आकडा टिकत नसे. त्या शनिवारचं माप घेतच नसत. रविवारी दोन दिवसांचा पाऊस एकत्र मोजायच्या आणि वहीत दोन्ही दिवसांना मिळून एक कंस घालायच्या. तो कंस त्यांना फार लागे. "ह्यांच्या वहीत एकही कंस नाही," त्या म्हणत. मी आल्यावर कंस थांबले. शनिवारी दहाला मी निळ्या पेनाने आकडा लिहू लागले आणि मावशी माझ्यामागे हात पाठीशी बांधून उभ्या राहू लागल्या.

शनिवारचं मला कळत होतं. शुक्रवारचं कळत नव्हतं. शुक्रवारी मावशी हवेबद्दल चकार शब्द काढत नसत. दुकानात कोणी म्हणालं की आज काय सुंदर हवा आहे, एस्तेर, तर त्या तोंड फिरवून कांदे बघू लागत. उद्या कसं असेल असं कोणी विचारलं, तर सरळ निघून जात. शुक्रवारी दुपारनंतर पेन्सिलही हातात धरत नसत. सामानाची यादी असो की डॅनीच्या मुलीच्या वाढदिवसाचं कार्ड, मला बोलावून माझ्याकडून लिहून घेत. शुक्रवार तर संध्याकाळी मेणबत्त्या लागून त्यांचा शनिवार सुरू होईपर्यंत लिहिण्याला मोकळा असतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. विचारलं, तर म्हणाल्या, "तुला लिहायला येतं ना? मग लिही." म्हातारपणाचा चळ, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

माझ्याकडूनही एकदा चूक झाली. एका शनिवारी लीड्सला मैत्रिणींना भेटायचं होतं आणि गाडी आठची. आकाश धुतल्यासारखं निळं, रात्रभर टिपूस नाही. मी सातलाच वहीत शून्य लिहिलं आणि निघाले. परत आले तर कळलं, साडेनऊला गारांनी सगळं गाव झोडपलं होतं. शरमेने मला रात्रभर झोप लागली नाही. रविवारी मावशींनी बोलावलं. आता काही खरं नाही म्हणून मी मान खाली घालून गेले, तर त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती बरं वाटलं गं मला," त्या म्हणाल्या. "तू खोटं लिहिलंस आणि ते खोटंच राहिलं."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. त्या घरातून बाहेर पडताना माझ्या पाठीवर पहिल्यांदा काटा आला.

खुलासा झाला तो पुढच्या वर्षी मार्चमध्ये, मलिद्याच्या दिवशी. नवस फेडायचा किंवा देवाचे आभार मानायचे तर हे लोक मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबी ह्या नबीचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि ताटं वाटायची. मावशींनी प्रार्थना म्हटली आणि माझ्या हातात एक झाकलेली बशी दिली, ती मार्गरेटला द्यायला. मार्गरेट आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातली विधवा. दरवर्षी तिला बशी जायची आणि दरवर्षी मावशी स्वतः न जाता कोणाच्या तरी हातून पाठवायच्या. तिच्या दाराशी तुम्ही कधीच का जात नाही, असं मी विचारलं. मावशींनी उठून कपाटातली एक जुनी वही माझ्यापुढे ठेवली आणि शनिवार बघ म्हणाल्या.

काका गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं त्या वहीत होती. बाकीचे दिवस शाईने, शनिवार पेन्सिलने. मावशी सांगू लागल्या. आकडा संध्याकाळपर्यंत लक्षात राहीना आणि जूनमध्ये तिथे तीन तारे दिसायला अकरा वाजतात. काकांच्या वहीत भोक पडू नये म्हणून त्यांनी एका शुक्रवारी, मेणबत्त्या लावायच्या आधी, शनिवारचा आकडा अंदाजाने लिहून टाकला. तीन पूर्णांक दोन. खोटंच ते. शनिवारी सकाळी सहज माप बघितलं, तर तीन पूर्णांक दोन. पुढच्या शुक्रवारी शून्य लिहिलं, शून्य निघालं. मग मौज म्हणून अकरा पूर्णांक सात लिहिलं. तेही निघालं.

मी संगणकातली बाई. योगायोग, स्मरणाची गडबड, एक ना दोन, सगळी कारणं माझ्या तोंडावर होती. मावशींनी मला बोलू दिलं आणि मग बोट ठेवून एक ओळ दाखवली. एप्रिल महिना, शनिवार. पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली की कागद फाटला होता. बासष्ट.

मार्गरेटच्या नवऱ्याचं, जॅकचं, मावशींच्या अंगणामागच्या वाडीत एक झाड होतं. त्याच्या फांद्या मावशींच्या हिरवळीवर यायच्या आणि पावसाच्या मापात फरक पडायचा. मावशींनी दोन वर्षं विनवलं. त्या शुक्रवारी जॅक त्यांच्या तोंडावर हसला आणि म्हणाला, तुझ्या त्या डबड्यातलं पाणी कोण बघतंय, रूबेनसुद्धा मेला आता. मावशी घरात आल्या आणि रागाच्या भरात त्यांनी बासष्ट लिहिलं. रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे ओढा चढला, आणि जॅक ओढ्याकाठच्या खुराड्यातल्या कोंबड्या सोडवायला गेला तो गेलाच. सोमवारी पुलाखाली सापडला. शनिवारी सकाळी मावशींनी माप बघितलं होतं. ते भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. बेरीज बासष्ट.

त्यानंतर त्यांनी शुक्रवारी दुपारनंतर कधीही काही लिहिलं नाही. तसा नवसच बोलल्या होत्या.

"पडणार होतं म्हणून मी लिहिलं, की मी लिहिलं म्हणून पडलं?" त्या म्हणाल्या. "एवढंच मला कळायला हवंय. पावसाची किल्ली देवाने एकदा एलियाहू नबीच्या हातात दिली होती. त्याने साडेतीन वर्षं पाऊस बंद ठेवला. त्याच्या हातात शोभते ती. माझ्या नको."

मी म्हणाले, पुन्हा एकदा काहीतरी लिहून बघायचं, चुकलं की सुटलात. त्यांनी मान हलवली. आणि बरोबर आलं तर, असं विचारलं. मार्गरेटची बशी मी नेऊन दिली. तिने मायेने घेतली, एस्तेरला माझे आभार सांग म्हणाली. तिच्या खिडकीतून जॅकच्या झाडाचा बुंधा दिसत होता. पूर आला त्याच वर्षी तिने ते कापून टाकलं होतं.

डॅनीचं मावशींना वॉटफर्डला न्यायचं बरेच दिवस चाललं होतं. खोली रंगवून तयार होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये तो सहा वर्षांच्या मुलीला, लिआला, घेऊन यायला निघाला. शुक्रवारी लीड्सला मित्राकडे मुक्काम, शनिवारी पहाटे डोंगरावरून आमच्याकडे. शनिवारी गाडी चालवणं मावशींना मुळीच पसंत नव्हतं, पण त्याला तेवढीच सुट्टी होती. शुक्रवारी दुपारी हवामानाचा इशारा आला. रात्रीपासून वरच्या रस्त्यावर तुफान बर्फ. त्या रस्त्यावर वसंतातल्या बर्फात गाड्या अडकतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागे एकदा एक जोडपं गाडीतच गोठून मेलं होतं. मी डॅनीला फोन केला. त्याची मराठी इंग्लंडमध्ये वाढलेली. तो म्हणाला, "अगं, आई उगाच टेन्शन घेते. माझा गाडी four-wheel drive आहे. सकाळी रोड एकदम एम्प्टी असतो, we'll be fine." मी परोपरीने सांगितलं, मावशींनी फोन घेऊन सांगितलं, रागावल्या, शेवटी रडल्या. तो सकाळी बघू म्हणाला. म्हणजे येणार, हे आम्हा दोघींनाही कळलं.

सात वाजले होते. टेबलावर मेणबत्त्या मांडलेल्या, अजून लावलेल्या नव्हत्या. बाहेर अंगणात ऊन होतं आणि डोंगरावर शिशाच्या रंगाचा ढग खाली सरकत होता. वारा अजिबात नव्हता. ओढ्याचा आवाज फार जवळून येत होता. मावशींनी वही काढली, उद्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

विश्वास नाही म्हणणारी मी, पण पेन्सिल देताना माझा हात मागे येत होता. मी म्हणाले, मावशी, तुमचा नवस आहे. मग धीर करून पुढचंही बोलले, की उद्या हे खरं निघालं तर तुम्ही जगणार कशा.

"उद्या शून्य निघालं, तर जॅक माझ्या हातानेच गेला," त्या म्हणाल्या. "कळतंय मला. पण माझी पोरं येऊ देत."

त्यांनी वही डोळ्यांपाशी नेली आणि शून्य काढलं. अगदी सावकाश, शाळेत काढतात तसं. मग मेणबत्त्या लावल्या, हातांनी डोळे झाकले आणि पुष्कळ वेळ झाकूनच ठेवले. मी घरी आले. मला त्या रात्री देवाकडे काय मागावं तेच कळेना.

सकाळी खिडकी उघडली तर डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे. पुलापलीकडची छपरं पांढरी, चर्चचा कळस पांढरा. बर्फ पुलापर्यंत आलं होतं आणि तिथे थांबलं होतं. आमच्या आठ घरांच्या ओळीवर कोवळं ऊन होतं, छपरांचे दगड कोरडे होते. एकही पाखरू बोलत नव्हतं. फोन केला तर डॅनीचा लागेना. दहाला मी मावशींच्या अंगणात गेले. त्या आधीच नळकांड्यापाशी उभ्या होत्या, रेनकोटही न घालता. मी फनेल काढलं, बाटली मापावर उलटी केली. थेंब पडला नाही. त्यांनी पुन्हा उलटी करायला लावली. त्यांना माप दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.

"थोडंसं आहे, मावशी," मी म्हणाले. "एखादा थेंब आहे."

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, तिच्या तोंडातून करंगळी आत घातली आणि फिरवली. बोट बाहेर काढून अंगठ्याने चोळून बघितलं. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. तिच्या टपावर वीतभर बर्फ साचलं होतं. मागच्या सीटवर लिआ तोंड उघडं टाकून झोपली होती. डॅनी दार उघडून उतरला आणि हसतच सुटला, पण चेहरा पांढराफटक होता.

"आई, वरती एवढा स्नो होती," तो म्हणाला, "दोन्ही साइडला, गाडीच्या वर. पण आमच्या पुढे रस्ता कोरडा. All the way. मला काय समजतच नाही."

मावशींनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाडीत वाकून झोपलेल्या लिआच्या कपाळावर ओठ टेकले. रडत होत्या. डॅनीला वाटलं आनंदाने रडते आहे, आणि ते खोटं नव्हतंच. त्यांनी मला पोरांना चहा द्यायला सांगितलं, ह्यांच्या पोटात काही नसेल म्हणाल्या. त्या दुपारी मला एका मैत्रिणीच्या लग्नासाठी लंडनला, वेम्बलीला, निघायचं होतं. मी सोमवारी परत आले तोवर डॅनी त्यांना वॉटफर्डला घेऊन गेला होता, आणि जून लागायच्या आत त्या तिथेच वारल्या. त्यामुळे त्या सकाळी जे पाहिलं तेच माझं मावशींना शेवटचं पाहणं.

मावशी गाडीपासून वळल्या आणि घरात गेल्या नाहीत. गमबूट घालून, डोक्यावर काही न घेता, गल्लीतून त्या ओळीच्या टोकाकडे चालू लागल्या. चाल सावकाश होती, पण थांबल्या नाहीत. डॅनी मला विचारू लागला, आई कुठे चालली. मार्गरेटच्या दारासमोर उभ्या राहून त्यांनी केस नीट केले आणि दार वाजवलं. मार्गरेटने उघडलं, हसली आणि सवयीने बशी घ्यायला दोन्ही हात पुढे केले. मावशींच्या हातात काही नव्हतं. त्या काहीतरी बोलल्या. मार्गरेटचे हात तसेच पुढे राहिले. मग ती दारातून बाजूला झाली आणि मावशी आत गेल्या.